खडकातून जन्मलेला देव : रोमन मिथ्रास-पंथ आणि त्याचे अभ्यासक

इसवी सन १८४च्या २६ जूनला विरुनुम शहरात काही माणसे एकत्र जमली. विरुनुम हे रोमन साम्राज्याच्या नोरिकुम प्रांताचे मुख्य ठिकाण. आज तो भाग दक्षिण ऑस्ट्रियात, क्लागेनफुर्टजवळ येतो. जमण्याचे कारण होते सभासदांचे मृत्यू. या मंडळींनी आपले कोसळलेले मंदिर स्वखर्चाने पुन्हा उभे केले होते आणि त्याची नोंद म्हणून काशाच्या पत्र्यावर चौतीस नावे कोरून घेतली होती. त्यांतल्या पाच नावांपाशी मृत्यूची खूण आहे. मार्कस ऑरेलियसच्या काळापासून साम्राज्यात फिरणाऱ्या साथीशी अनेक अभ्यासक हे मृत्यू जोडतात. पत्र्यावर जागा शिल्लक होती. पुढे नवे सभासद येत गेले, तशी त्यांची नावे वेगवेगळ्या हातांनी खाली कोरली गेली आणि इ.स. २०१पर्यंत एकूण नावे ९८ झाली.

हा पत्रा १९९२ साली सापडला आणि मिथ्रास देवाच्या एका उपासक मंडळाची अठरा वर्षांची जणू हजेरीवहीच अभ्यासकांच्या हाती आली. कोण कधी आले, कोण गेले, मंदिराचा खर्च कुणी सोसला, सारे तीत आहे. या अठ्ठ्याण्णव जणांनी त्या खोलीत कोणती प्रार्थना म्हटली, देवाची कोणती कथा ऐकली, याविषयी मात्र एक अक्षरही नाही.

मिथ्रास-पंथाची ही नेहमीचीच तऱ्हा. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस हा देव रोमन जगात दिसू लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत ब्रिटनच्या उत्तर सीमेपासून युफ्रेटिस नदीपर्यंत पसरतो आणि पाचवे शतक उजाडेपर्यंत जवळजवळ नाहीसा होतो. त्याच्या खुणा सुमारे ४२० ठिकाणी मिळाल्या आहेत. सुमारे एक हजार शिलालेख आहेत, देव बैलाला मारतो आहे हा प्रसंग दाखवणारी सुमारे ७०० शिल्पे आणि चित्रे आहेत, शिवाय शेकडो इतर वस्तू. एवढा पसारा मागे ठेवणाऱ्या या पंथाचा धर्मग्रंथ मात्र एकही उरलेला नाही. लेखी मजकूर आहे तो बहुतेक परक्यांचा: ख्रिस्ती लेखकांची टीका, तत्त्वज्ञांचे ओझरते उल्लेख, एखाद्या कवीची ओळ.

त्यामुळे या पंथाचा अभ्यास म्हणजे चित्राला मजकूर शोधण्याची दीडशे वर्षांची खटपट झाली. चित्र तेच होते. पाहणाऱ्याच्या हातातले पुस्तक बदलत गेले. कुणी अवेस्ता उघडली, कुणी ताऱ्यांचा नकाशा, कुणी बायबल. गेल्या काही दशकांत अभ्यासकांनी भिंतीवरच्या शिल्पावरून नजर काढून जमिनीकडे वळवली. ओट्यांलगतची हाडे, फुटकी मडकी, धूप जाळल्याची राख यांनी जे सांगितले, ते शंभर वर्षांच्या तर्कांना सांगता आले नव्हते. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हा प्रवास आहे, आणि त्याची पूर्वपीठिका मांडणे हे या प्रस्तावनेचे काम.

रोमन मंदिर म्हटले की उंच जोते, रुंद पायऱ्या, स्तंभांची ओळ आणि समोर मोकळ्या आवारातली वेदी असे चित्र उभे राहते. मिथ्रासच्या मंदिरात यांतले काहीच नाही. ती एक लांबट, अरुंद, बहुधा बिनखिडक्यांची खोली असते, पुष्कळदा तळघरात किंवा अर्धवट जमिनीखाली. मधून चालण्याची वाट, दोन्ही बाजूंना रुंद ओटे, वाटेच्या टोकाला देवाचे शिल्प. ओट्यांवर सभासद रोमन रिवाजाप्रमाणे रेलून जेवत. बहुतेक खोल्यांत वीस ते चाळीस माणसे मावत. मंडळ वाढले की मोठे मंदिर बांधण्याऐवजी दुसरे लहान मंदिर उभे राही. उपासक या जागेला गुहा म्हणत. खरी गुहा जवळ असली तर ती वापरत, नसली तर खोलीच्या छताला कमान देऊन गुहेचा भास आणत. अशा खोलीत बैल आणून त्याचा बळी देणे जवळजवळ अशक्य होते. शिल्पातला बैल देवाने एकदाच मारला. भक्तांच्या ताटात आले ते कोंबडीचे आणि डुकराचे मांस.

शिल्पाची मांडणी साम्राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहे. फ्रिजियन टोपी घातलेला तरुण, मागे फडफडणारा झगा. त्याने गुडघा बैलाच्या पाठीत रोवला आहे, डाव्या हाताने नाकपुड्या धरून बैलाचे डोके मागे ओढले आहे आणि उजव्या हातातला खंजीर त्याच्या खांद्यात खुपसला आहे. देवाची नजर मात्र पुष्कळदा बैलावर नसते. मान वळवून तो मागे, सूर्याकडे पाहतो. जखमेकडे कुत्रा आणि साप झेपावतात, विंचू बैलाच्या वृषणांना भिडतो, जवळच कावळा असतो. बैलाच्या शेपटीच्या टोकाला गव्हाची कणसे फुटलेली दिसतात. दोन बाजूंना दोन मशालधारी: कौतेसची मशाल वर, कौतोपातेसची खाली. वरच्या कोपऱ्यांत सूर्य आणि चंद्र.

ऱ्हाइन आणि डॅन्यूब नद्यांच्या खोऱ्यांतल्या शिल्पपटांवर मुख्य दृश्याभोवती लहान चौकटी असतात आणि त्यांतून बाकीची कथा उलगडते. खडकातून बाहेर येणारा मिथ्रास, बाण मारून दगडातून पाणी काढणारा मिथ्रास, बैलाला ओढत गुहेकडे नेणारा मिथ्रास आणि शेवटी मारलेल्या बैलाच्या कातड्यावर सूर्यदेवाच्या पंक्तीला बसलेला मिथ्रास. चौकटींचा क्रम शिल्पागणिक बदलतो. ज्यांच्यासाठी हे कोरले त्यांना कथा तोंडपाठ असणार. खाली समजुतीचे दोन शब्द लिहावेत असे कुणालाही वाटले नाही.

मराठी वाचकाला या देवाचे नाव ऐकताच घरचे नाव आठवेल, आणि ते रास्तच आहे. ऋग्वेदात मित्र हा वरुणाचा जोडीदार. तिसऱ्या मंडलातले एक सूक्त केवळ त्याचे आहे. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात हित्ती आणि मितान्नी राजांमध्ये झालेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांना साक्षीला बोलावले आहे. त्या तहाच्या मृत्तिकापट्टिका तुर्कस्तानात बोगाझकोय येथे सापडल्या. अवेस्तेत मिथ्र हा कराराचा रखवालदार यझत, म्हणजे पूज्य देवता, असून त्याच्या नावे एक मोठा यश्त, म्हणजे स्तोत्र, आहे. मुंबईचे पारशी आजही अग्यारीला दर-ए-मेहेर म्हणतात. नावाचे नाते असे पक्के आहे. नावाबरोबर कथा, विधी आणि विचारही पूर्वेकडून रोमपर्यंत चालत आले का, यावर मात्र या क्षेत्रातला सर्वांत मोठा वाद झाला.

वादाच्या केंद्रस्थानी आहेत बेल्जियन विद्वान फ्रान्झ क्यूमाँ. १८६८ साली जन्मलेल्या क्यूमाँनी तिशीच्या आतच युरोपभर विखुरलेली मिथ्रास-सामग्री गोळा करायला घेतली. संग्रहालयांतली शिल्पे, खासगी संग्रहांतले तुकडे, ग्रीक-लॅटिन लेखकांचे उतारे, शिलालेख असे सारे त्यांनी १८९४ ते १८९९ या काळात निघालेल्या दोन जाडजूड खंडांत एकत्र केले. त्यातला सारांश १९०० साली वेगळ्या छोट्या पुस्तकाच्या रूपाने आला आणि इंग्रजीसह इतर भाषांत गेला. पुढची सत्तर वर्षे मिथ्रास म्हणजे क्यूमाँनी सांगितलेला मिथ्रास हे समीकरण टिकले.

क्यूमाँचा सिद्धांत थोडक्यात असा. इराणी मझ्दा-धर्म आशिया मायनरमधल्या मागी पुरोहितांमार्फत पश्चिमेकडे सरकला, वाटेत बाबिलोनी ज्योतिष आणि ग्रीक शिल्पकला यांचे थर त्यावर चढले, तरी गाभा इराणीच राहिला. मग शिल्पाचा अर्थ इराणी ग्रंथांत शोधायचा. सिंहाचे मस्तक, अंगाला सापाचे वेढे आणि हातात किल्ल्या असलेली एक गूढ मूर्ती काही मंदिरांत मिळते. क्यूमाँनी तिला अनंत काळाचा देव झुर्वान ठरवले. बैलाच्या शेपटीची कणसे त्यांना बुंदहिश्न या मध्य-पर्शियन ग्रंथापर्यंत घेऊन गेली, कारण तिथे आदिम बैलाच्या देहातून धान्ये आणि वनस्पती उगवतात.

अडचण एकच होती, पण मोठी होती. बुंदहिश्नमध्ये बैलाला मारतो तो दुष्ट अहरिमन. मिथ्र बैल मारतो असे एकही इराणी ग्रंथ सांगत नाही. सिद्धांत वाचवायला हरवलेल्या एखाद्या कथेची कल्पना करावी लागत होती. सिंहमुखी मूर्तीचीही तीच गत. मिथ्रास-मंदिरांतल्या काही शिलालेखांत अरिमानियस या देवाचे नाव येते, तेव्हा ती मूर्ती अहरिमनचीच असेही काहींनी म्हटले. झुर्वानचे नाव तर रोमन मिथ्रास-पंथाच्या एकाही लेखात नाही.

१९३४ साली सीरियातल्या दुरा-युरोपोस येथे येल विद्यापीठ आणि फ्रेंच अकादमी यांच्या उत्खननात मिथ्रासचे मंदिर निघाले, तेव्हा वयाच्या साठीत असलेले क्यूमाँ ते पाहायला जातीने गेले. युफ्रेटिसकाठच्या या सीमावर्ती शहरात पाल्मायराच्या धनुर्धाऱ्यांनी इ.स. १६८-६९च्या सुमारास पहिले शिल्प बसवले होते. सासानी सैन्य चालून येत असता रोमनांनी तटाला आतून मातीचा भराव घातला; त्यात तटालगतच्या इमारती गाडल्या गेल्या आणि त्यांतली भित्तिचित्रे टिकली. मिथ्रास-मंदिराच्या भिंतीवर घोड्यावरून शिकार करणारा मिथ्रास होता, आणि पर्शियन पोशाखात बसलेल्या दोन गंभीर पुरुषांत क्यूमाँनी झरथुष्ट्र आणि प्रख्यात मागी ओस्तानेस पाहिले. आपला सिद्धांत खरा ठरला असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. ही चित्रे आज येलच्या कलासंग्रहालयात आहेत. त्यांच्याकडे नंतर पाहणाऱ्यांना दुसरी गोष्ट खटकली: इराणच्या उंबरठ्यावरच्या या मंदिरातही ओटे, बैल, मशालधारी हा सगळा साचा पश्चिमेतला होता. लाट पूर्वेकडून आलेली दिसत नव्हती. ती रोमन सैन्याबरोबर पूर्वेला पोचलेली दिसत होती.

क्यूमाँनंतर सामग्रीची सूची नव्याने करण्याचे काम डच विद्वान मार्टेन फेर्मासेरेन यांनी केले. १९५६ आणि १९६० साली निघालेल्या त्यांच्या दोन खंडांतले क्रमांक आजही या क्षेत्रात पत्त्यासारखे वापरले जातात. अर्थाच्या बाजूने मात्र पहिला मोठा हादरा बसला तो १९७१ साली, इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या परिषदेत. जॉन हिनेल्स यांनी भरवलेली मिथ्र-अभ्यासाची ही पहिली आंतरराष्ट्रीय परिषद. तिथे स्वतः हिनेल्स आणि रिचर्ड गॉर्डन या दोघांनी क्यूमाँच्या पद्धतीवरच बोट ठेवले. गॉर्डन यांचा मुद्दा रोखठोक होता: रोमन पुरावा आधी रोमन चौकटीत वाचा, शतकांनंतरच्या इराणी ग्रंथांत त्याची किल्ली आहे हे सिद्ध केल्याखेरीज गृहीत धरू नका. परिषदेचे निबंध १९७५ साली छापले गेले आणि जुनी इमारत खचली.

मग हा पंथ आला कुठून? प्लूटार्क सांगतो की इ.स.पू. ६७मध्ये पाँपीने ज्यांचा बंदोबस्त केला ते किलिकियाचे चाचे मिथ्रासचे गुप्त विधी करत. कोमाजेनेच्या अंतियोकस राजाने नेमरुत पर्वतावर मिथ्र, अपोलो आणि हेलिओस यांना एकरूप मानून त्याची भव्य मूर्ती उभी केली, तीही इ.स.पू. पहिल्या शतकात. पण बैल मारणारा, गुहेतला, दीक्षितांचा मिथ्रास यांत कुठेच नाही. तो दिसतो इ.स. ९०च्या आसपास कवी स्टेशियसच्या महाकाव्यात. त्यानंतर थोड्याच वर्षांत तो एकदम दूरदूरच्या ठिकाणी उगवतो: रोममध्ये प्रीटोरियन प्रमुख लिव्हियानस याच्या अल्किमस नावाच्या गुलामाने दिलेल्या मूर्तीत, आजच्या फ्रँकफुर्टमधल्या हेडर्नहाइमला, डॅन्यूबवरच्या कार्नुंटुमला आणि बल्गेरियातल्या नोव्हे येथे जकात ठेकेदाराच्या गुलामाने उभारलेल्या शिल्पात. मानफ्रेड क्लाऊस यांच्यासारखे अभ्यासक यावरून इटलीत, रोमच्या परिसरात, पंथ घडला असे मानतात. रॉजर बेक यांनी कोमाजेनेच्या पदच्युत राजघराण्याच्या परिवाराकडे आणि त्यातल्या ज्योतिषांकडे बोट दाखवले. इराणचा रंग खरा, पण रंगवणारे हात रोमन जगातले, या मुद्द्यावर आता बऱ्यापैकी एकमत आहे.

इराणी किल्ली हातातून निसटली तेव्हा काहींनी डोके वर केले. आकाशात बैल आहे, विंचू आहे, कावळा आहे, साप आहे, लहान-मोठे श्वान आहेत. कणसाच्या जागी चित्रा तारा आहे, आणि ऱ्हाइनकाठच्या शिल्पांत दिसणारे सिंह आणि पात्र हेही तारकासमूह आहेत. ही संगती जर्मन अभ्यासक के. बी. श्टार्क यांनी १८६९ सालीच दाखवली होती. क्यूमाँनी ती बाजूला सारली आणि शंभर वर्षे ती पडून राहिली. १९७०नंतर बेक यांनी ती नेटाने पुढे नेली. १९८९ साली डेव्हिड उलान्सी यांनी तर सारे रहस्य एका घावात सोडवल्याचा दावा केला: ग्रीक ज्योतिर्विद हिपार्कसने इ.स.पू. दुसऱ्या शतकात ओळखलेले संपातबिंदूंचे सरकणे, त्यामुळे वृषभयुगाचा झालेला अंत, आणि वृषभावर उभा असलेला ययाती म्हणजे पर्सियस हाच मिथ्रास. पुस्तक गाजले. तज्ज्ञांनी मात्र विचारले की हिपार्कसचा हा शोध त्या काळी ज्योतिर्विदांनाही फारसा ठाऊक नसताना, तो सीमेवरच्या शिपायांच्या पूजेचा पाया कसा झाला?

उलान्सींचे उत्तर टिकले नाही, तरी आकाशाचा मुद्दा टिकला. तिसऱ्या शतकातला तत्त्वज्ञ पॉर्फिरी लिहितो की मिथ्रासची गुहा ही विश्वाची प्रतिमा असून आतल्या वस्तू ठरावीक अंतरांवर मांडलेल्या असतात. रोमचे बंदर असलेल्या ओस्तियातल्या 'सात गोलां'च्या मंदिरात त्याची प्रचिती येते. तिथे वाटेवरच्या मोझेइकमध्ये सात कमानी आहेत, ओट्यांच्या कडांवर बारा राशी आणि ग्रहदेवता. खोलीत शिरणारा माणूस विश्वात शिरत होता, आणि तो कुठे बसतो यालाही अर्थ होता.

ओस्तियात आतापर्यंत सतराच्या आसपास मिथ्रास-मंदिरे सापडली आहेत. त्यांपैकी फेलिकिस्सिमसच्या मंदिरातली फरशी सर्वांत बोलकी. चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधिकाळात संत जेरोमने एका पत्रात मिथ्रासच्या सात पायऱ्या नोंदवल्या होत्या: कावळा, नवरा, शिपाई, सिंह, पर्शियन, सूर्यदूत आणि पिता. या फरशीवर त्याच क्रमाने सात चौकटी आहेत. कावळ्याच्या चौकटीत पक्षी आणि पेला, शिपायाच्या चौकटीत शिरस्त्राण आणि भाला, सिंहाच्या चौकटीत निखाऱ्याचे फावडे, सूर्यदूताच्या चौकटीत मशाल, चाबूक आणि किरणांचा मुकुट. विरोधकाने लिहिलेल्या ओळीला भक्ताच्या फरशीने असा दुजोरा क्वचितच मिळतो. मात्र साम्राज्यभरच्या शिलालेखांत 'पिता' आणि 'सिंह' हीच नावे वारंवार येतात. सातही पायऱ्या सगळीकडे पाळल्या जात असे म्हणायला आधार नाही.

सभासद कोण होते? शिपायांचा धर्म हे बिरूद जुने आहे आणि अर्धेच खरे. सीमेवरच्या छावण्यांत सैनिक भरपूर आहेत, पण स्लोव्हेनियातल्या प्तुय, म्हणजे प्राचीन पोएटोव्हियो, इथली पहिली मंदिरे जकात खात्यातल्या गुलाम कारकुनांनी बांधली. नाक्यानाक्यावर बदल्या होणाऱ्या या कारकुनांबरोबर देवही डॅन्यूबच्या काठाने फिरला. ओस्तियात व्यापारी आणि दास्यमुक्त गुलाम दिसतात. बायका मात्र सभासदांत नाहीत. आणि बंडखोरी तर कुठेच नाही: धन्याच्या आरोग्यासाठी नवस बोलणारा गुलाम, सम्राटासाठी वेदी उभारणारा अधिकारी असेच लेख मिळतात. इ.स. ३०८मध्ये डायोक्लीशन, गॅलेरियस आणि लिसिनियस कार्नुंटुमला भेटले, तेव्हा त्यांनी तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार करून मिथ्रासला आपल्या साम्राज्याचा पाठीराखा म्हटले.

ही माणसे ओट्यावर बसून नेमके काय करत, याचे चांगले उत्तर बेल्जियममधल्या टीनेन या गावाने दिले. १९९८ साली तिथे मंदिराचे अवशेष आणि शेजारी काही खड्डे सापडले. मार्लीन मार्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खड्ड्यांतला कचरा शास्त्रशुद्ध रीतीने वेगळा केला. हाडांत दोनशेहून अधिक कोंबड्या निघाल्या, त्यांत कोंबड्यांपेक्षा कोंबडेच जास्त, शिवाय कोकरे, डुकराची पिल्ले आणि ईल मासे. मडकी, झाकणे, धूपपात्रे एकाच वेळी फेकलेली. पिल्लांच्या वयावरून जेवण जून-जुलैच्या सुमाराचे, म्हणजे उत्तरायणाच्या टोकाजवळचे ठरते. मंदिरात मावणार नाहीत इतकी माणसे त्या दिवशी जेवली. गावापासून लपलेला गुप्त पंथ ही जुनी समजूत या एका खड्ड्याने बरीच सैल केली. २००१ साली टीनेनलाच भरलेल्या परिषदेचा विषयही लहानसहान वस्तू हाच होता, आणि तेव्हापासून जुन्या उत्खननांत दुर्लक्षिलेली खापरे पुन्हा तपासली जात आहेत.

ब्रिटनमधल्या हेड्रियनच्या भिंतीजवळच्या कॅरोबरा येथे निसर्गाने मदत केली. १९४९च्या कोरड्या उन्हाळ्यात दलदल आटली आणि वेद्यांचे माथे वर आले. पुढच्या वर्षी इयन रिचमंड आणि जॉन गिलम यांनी खोदले, तेव्हा बाटेव्हियन तुकडीच्या तीन सेनानायकांनी दिलेल्या तीन वेद्या जागच्या जागी उभ्या होत्या. एकीवर मिथ्रासच्या मस्तकाभोवतीचे किरण आरपार कोरलेले. मागे दिवा ठेवला की अंधाऱ्या खोलीत ते उजळत. धुपासाठी पाईनच्या बोंडांचा कोळसा वापरत, तोही मिळाला. इटलीतल्या कापुआच्या मंदिरात ओट्यांच्या कडांवर डोळे बांधलेला नग्न दीक्षार्थी गुडघे टेकून बसलेला दिसतो. उजेड, धूर, भीती आणि मग जेवण: विधीचा पोत असा हळूहळू हाताला लागतो.

सामान्य लोकांपर्यंत हा विषय पोचला तो लंडनमुळे. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या वॉलब्रुक भागात कचेरीची इमारत उभी राहत असता डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांचे उत्खनन संपत आले होते. १८ सप्टेंबर १९५४ रोजी मिथ्रासचे संगमरवरी मस्तक सापडले आणि शहर लोटले. मैलभर रांगा लागल्या, प्रकरण चर्चिलच्या मंत्रिमंडळापर्यंत गेले. मंदिराचे दगड हलवून १९६२ साली दुसरीकडे रस्त्याच्या पातळीवर जोडले गेले, तेही सिमेंट वापरून आणि बरेच चुकीचे. ती चूक निस्तरून, मूळ जागेजवळ आणि मूळ खोलीवर, २०१७ साली ब्लूमबर्ग कंपनीच्या इमारतीच्या पोटात ते पुन्हा उघडले.

लोकप्रियतेबरोबर लोककथाही वाढल्या. अर्नेस्ट रेनाँ यांनी एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवले की ख्रिस्ती धर्म एखाद्या दुखण्याने खुंटला असता तर जग मिथ्रासचे झाले असते. वाक्य इतके पसरले की पुराव्याकडे कुणी पाहिले नाही. वीस-तीस माणसांच्या, बायकांना वगळणाऱ्या खोल्यांतून विश्वधर्म निघणे कठीण. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक जस्टिन तक्रार करतो की मिथ्रासचे लोक भाकरी आणि पाणी ठेवून ख्रिस्ती भोजनविधीची नक्कल करतात. त्यावरून दोन पंथ शेजारी नांदत होते एवढे कळते, कुणी कुणाचे उचलले ते कळत नाही. २५ डिसेंबर ही मिथ्रासची जन्मतिथी असे बिनदिक्कत छापले जाते. इ.स. ३५४च्या पंचांगात त्या दिवशी 'अजिंक्या'चा जन्मदिन आहे, आणि तो सामान्यतः राजधर्मातल्या सूर्यदेवाचा मानला जातो. मिथ्रासचे नाव तिथे नाही.

पुरावा किती निसरडा असतो ते रोमच्या आव्हेंतीन टेकडीवरच्या सांता प्रिस्का चर्चखाली दिसते. १९३४ साली मंदिर सापडले, फेर्मासेरेन आणि त्यांचे सहकारी फान एसेन यांनी १९५३पासून ते तपासले. भिंतीवर सातही पायऱ्यांच्या लोकांना वंदन करणारे लेख होते, इ.स. २०२ची तारीख असलेली एक खरड होती आणि पुसट पद्यपंक्ती होत्या. त्यांतली एक ओळ सांडलेल्या रक्ताने झालेल्या तारणाची आहे असे वाचले गेले आणि तिच्यावर ख्रिस्ती साम्याचे इमले उभे राहिले. १९७८च्या रोममधल्या परिसंवादाच्या सुमारास सिल्व्हिओ पान्चेरा यांनी ती पुन्हा तपासली. खात्रीने वाचता येणारी अक्षरे फार थोडी निघाली. तारण हा शब्द त्यांत नव्हता.

पंथाचा शेवटही एकाच पद्धतीने झाला नाही. रोममध्ये प्रीटेक्स्टेटससारखा सरदार इ.स. ३८४मध्ये मरेपर्यंत मिथ्रासचा 'पित्यांचा पिता' होता. जेरोम सांगतो की ग्राकस नावाच्या नगराधिकाऱ्याने एक गुहा फोडली. फ्रान्समधल्या सारबुर येथे १८९५ साली फोडलेल्या शिल्पापाशी हात साखळीने बांधलेला सांगाडा मिळाला, आणि धर्मासाठी मारलेला पुजारी ही कथा लगेच चिकटली. काही मंदिरे फोडलेली, काही नुसती सोडून दिलेली आणि काहींवर चर्च उभी राहिलेली आढळतात. रोमच्या सान क्लेमेंते चर्चखाली चौथ्या शतकातले चर्च आणि त्याच्या खाली मिथ्रासची खोली असा तीन मजल्यांचा इतिहास जोसेफ मलूली यांनी १८५७पासून खणून काढला. सीरियातल्या हुआर्ते येथे पाचव्या शतकातल्या चर्चच्या खाली चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातली भित्तिचित्रे मिळाली. म्हणजे इतरत्र दिवे विझत असता तिथे भिंती रंगवल्या जात होत्या.

प्रस्तुत ग्रंथाची रचना या पार्श्वभूमीवर केली आहे. पहिल्या भागात मंदिरे येतात, प्रदेशवार. दुसऱ्यात माणसे, म्हणजे शिलालेख आणि त्यांतली नावे. तिसऱ्यात विधी आणि जेवण. आणि अर्थाची चर्चा, जिथून बहुतेक पुस्तके सुरू होतात, ती मुद्दाम चौथ्या भागात ठेवली आहे. रोमन देवाला मिथ्रास, अवेस्तेतल्या यझताला मिथ्र आणि ऋग्वेदातल्या देवाला मित्र असेच सर्वत्र म्हटले आहे, म्हणजे तिघांची सरमिसळ नकळत होणार नाही. प्रत्येक विधानापाशी ते शिल्पावरून केले आहे, कोरीव लेखावरून, खड्ड्यातल्या हाडांवरून की विरोधकाच्या लेखनावरून, हे नमूद केले आहे. स्मारकांना फेर्मासेरेन यांच्या सूचीतले क्रमांक दिले आहेत. टीनेन, विरुनुमचा पत्रा किंवा अलीकडे कॉर्सिका बेटावर सापडलेले मारियानाचे मंदिर त्या सूचीनंतरचे असल्याने त्यांना क्रमांक नाहीत. तिथे शोधाचे वर्ष पाहावे.